तेच ते पुन्हा: पुनरुक्ती आणि सभेचा धर्म

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. एका गृहस्थांनी गच्चीच्या गळतीचा मुद्दा मांडला. थोड्या वेळाने पुन्हा मांडला. चहा आला, तेव्हा पुन्हा. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, पुरे झालं आता!" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते हसू टोचत राहिलं.

तेच ते बोलणाऱ्या माणसाचं करायचं काय, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. न्यायसूत्रांमध्ये वादात हार ठरवणारी बावीस निग्रहस्थानं सांगितली आहेत. त्यांतलं एक 'पुनरुक्त'. पण सूत्रकार लगेच अपवाद करतात: अनुवाद सोडून. म्हणजे काही हेतूने पुन्हा सांगणं हा दोष नव्हे. पुढचंच निग्रहस्थान तर ऐकणाऱ्यावर उलटतं. सभेला कळलेला, तीनदा सांगितलेला मुद्दा ज्याला स्वतःच्या तोंडाने परत मांडता येत नाही, तोही हरला. याला म्हणतात 'अननुभाषण'. आणखी एक आहे: दोषी माणसाला वेळीच न टोकणं, हाही दोषच. आणि निर्दोष माणसाला टोकणं, हाही!

आता आपल्या मुंबईत या. 1831 साली मोरभट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचा जाहीर वाद झाला. तोंडी वादात कोण काय म्हणालं, यावरच पुढे वाद होतो. हा अनुभव तुम्हा-आम्हा सगळ्यांना आहे. मोरभटांनी मग आपली बाजू छापली. विल्सन यांनी 1832 मध्ये उत्तराचं पुस्तक काढलं, आणि त्यात स्वतःच्या उत्तराआधी मोरभटांच्या पुस्तिकेचा इंग्रजी अनुवाद दिला. विल्सन यांचा सूर काही सौम्य नव्हता. पण पूर्वपक्ष आधी, उत्तरपक्ष नंतर, ही आपली जुनी शिस्त तिथे दिसते. वाद संपला का? नाही. 1834 मध्ये साताऱ्याच्या नारायणरावांना उत्तर देण्यासाठी विल्सन यांना दुसरं पुस्तक लिहावं लागलं. पण आता कुणी काय म्हटलं, हे पान उघडून दाखवता येत होतं.

1857 साली विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद मुंबईच्या समुद्रकिनारी झाले. उघड्या वाळूवर श्रोते बदलत राहतात, त्यामुळे तोच प्रश्न पुन्हा येणारच. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्याच वर्षी त्या वादांचं पुस्तक छापलं; मराठीत ते वाद विष्णुबुवांच्या निधनानंतर, 1872 मध्ये आले. बोललेलं हवेत विरतं, म्हणून माणूस पुन्हा बोलतो. लिहून ठेवलं की निम्मी पुनरुक्ती थांबते.

उरलेल्या निम्मीसाठी अधिकार लागतो, हेही खरं. लोकसभेच्या कार्यपद्धतीचा 356 वा नियम बघा. कंटाळवाणी पुनरुक्ती करणाऱ्या सदस्याकडे अध्यक्ष आधी सभागृहाचं लक्ष वेधतात, आणि मगच त्याला भाषण थांबवायला सांगू शकतात. आधी सूचना, मग आज्ञा. हसून गप्प करणं यात कुठेच बसत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. चिकाटीने तेच बोलणारा भेटला, तर आधी त्याचा मुद्दा आपल्या शब्दांत त्याला ऐकवा आणि विचारा, "बरोबर समजलो ना?" मग उत्तर द्या. ते लिहून ठेवा. नंतरही तेच चाललं, तर अध्यक्षांनी खुशाल थांबवावं. त्यात अन्याय नाही.

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीची जुनी इतिवृत्तं मागवून वाचली. तीन वर्षं काका तोच मुद्दा मांडत होते. त्याची एकदाही नोंद नाही. न्यायसूत्रांच्या हिशेबाने त्या सभेत हरलो ते आम्ही. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, "काका, गळतीचं पहिल्यापासून सांगा, मी लिहून घेतो." त्यांनी सगळं सांगितलं. एकदाच.