उरलेली एक विकेट

पुण्याहून वेल्ह्याला जायचे दोन रस्ते. एक नसरापूरवरून, भोर तालुक्यातून जाणारा. दुसरा खडकवासल्याच्या पाण्याच्या कडेने खानापूरपर्यंत जाऊन पुढे पाबे घाट चढणारा. राजगड-तोरण्याला जाणाऱ्या भटक्यांना दोन्ही पाठ. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण जिभेची सवय जात नाही.) या दुसऱ्या रस्त्यावर घाटाच्या अलीकडे रांजणे नावाचं गाव लागतं. पाटी दिसली की मला वसंत रांजणे आठवतात. गावाचं आणि त्यांचं नातं जोडायचा माझा इरादा नाही, नुसता नावाचा योगायोग. पण ज्या दिवशी हे नाव क्रिकेटच्या पुस्तकात गेलं, तो दिवस मात्र याच रस्त्यावर उजाडला. खडकवासल्याला.

१९५६-५७ चा रणजी मोसम. महाराष्ट्र विरुद्ध सौराष्ट्र. एकोणीस वर्षांचा, पुण्यातच जन्मलेला एक मुलगा पहिलाच प्रथम श्रेणी सामना खेळतोय. त्याने पहिल्या डावात ३५ धावांत ९ गडी बाद केले, त्यात हॅट्ट्रिक. दुसऱ्या डावात ३६ धावांत आणखी ४. सामन्यात ७१ धावांत १३! पदार्पणात असलं काही करणारे जगात हाताच्या बोटांवर मोजावे इतके.

आता आकडे जरा बाजूला ठेवू. रांजणे काही आग ओकणारे गोलंदाज नव्हते. चेंडू दोन्हीकडे स्विंग करणं ही त्यांची विद्या. शिवण उभी धरायची, एक बाजू चकचकीत ठेवायची आणि बाकीचं हवेवर सोडायचं. आमच्याकडे भोर-वेल्ह्यात भात काढून झालं की कोरड्या खाचरांत पोरं टेनिस बॉलने खेळतात. त्यात एखादा सुसाट टाकणारा निघतोच. पण टेनिस बॉलला शिवण नसते, त्यामुळे त्याचं सगळं शिक्षण खांद्याचं होतं, मनगटाचं आणि बोटांचं राहून जातं. चामड्याचा चेंडू हातात घ्यायचा तर पुणं गाठायला लागतं, आणि पहाटेचा सराव असेल तर पहिली एस.टी.सुद्धा उपयोगाची नाही. असो.

दोन वर्षांनी, डिसेंबर १९५८ मध्ये रांजणे कसोटीत आले. कानपूर, समोर वेस्ट इंडिज. आणि इथे नशिबाने जी गंमत केली ती मला फार आवडते. म्हणजे आवडते, आणि थोडी टोचतेही. वेस्ट इंडिजचा पहिला डाव २२२ वर संपला. लेगस्पिनर सुभाष गुप्ते यांनी १०२ धावांत ९ बळी घेतले. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय. दहावा, लान्स गिब्ज, रांजणेंनी त्रिफळाचीत केला.

खडकवासल्याला स्वतः नऊ घेणारा माणूस कानपूरला उरलेल्या एकाचा धनी! गुप्तेंच्या गोलंदाजीवर याच गिब्जचा झेल यष्टीरक्षक नरेन ताम्हाणेंकडून सुटला होता. तो धरला असता तर जिम लेकरनंतर दोनच वर्षांत गुप्ते दहाच्या दहा घेणारे दुसरे ठरले असते. त्यामुळे क्रिकेटच्या गप्पांत रांजणेंचं नाव निघतं ते बहुतेक वेळा 'गुप्तेंचा दहावा बळी ज्याने घेतला तो' असंच. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीत कुंबळे दहाव्याच्या मागे होता, तेव्हा जवागल श्रीनाथने मुद्दाम स्टंपपासून लांब चेंडू टाकले. तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. पण पहिलीच कसोटी खेळणाऱ्या एकवीस वर्षांच्या पोराने सरळ स्टंपवर चेंडू टाकला, यात त्याचं काय चुकलं? वेगवान गोलंदाजाचं कामच ते.

आणि गंमत अशी की 'आपल्या खेळपट्ट्यांवर वेगाला काही मिळत नाही' हे जे कायम सांगितलं जायचं, त्याला उत्तर त्याच सामन्यात होतं. वेस हॉलने कानपूरला दोन्ही डावांत मिळून ११ बळी घेतले. आपण २०३ धावांनी हरलो.

रांजणेंना पुढची कसोटी मिळाली ती थेट १९६१-६२ च्या मोसमात. एकूण कसोट्या सात, १९५८ ते १९६४ या सहा वर्षांत. बळी १९. प्रथम श्रेणीत मात्र पावणेदोनशेच्या आसपास. आपल्याकडे नवा चेंडू घेणाऱ्याचं काम ठरलेलं असायचं: चार-सहा षटकं टाक, चकाकी घालव आणि चेंडू फिरकीवाल्यांच्या हातात दे. लग्नात मांडव घालणाऱ्याला पंगतीत कोण विचारतो?

मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यात बसला. जीव वाचला, कसोटी कारकीर्द संपली. मालिका ५-० अशी गेली. शेवटच्या कसोटीत किंग्स्टनला रांजणेंनी ७२ धावांत ४ बळी घेतले, त्यांची कसोटीतली सर्वोत्तम कामगिरी. परत आल्यावर बोर्डाने काय केलं? १९६२-६३ साठी वेस्ट इंडिजचे चार वेगवान गोलंदाज बोलावले: गिलख्रिस्ट, किंग, स्टेयर्स, वॉटसन. कशाला, तर आपल्या फलंदाजांना वेगाची सवय व्हावी म्हणून. घरचे वेगवान गोलंदाज घडवावेत, हा विचार त्या सगळ्यात मागेच राहिला. १९६७ मध्ये एजबॅस्टनला तर चार फिरकीपटू खेळवले आणि नवा चेंडू बुधी कुंदरन यांच्या हाती दिला. एरवी ते यष्टीरक्षक!

रांजणेंच्या मागून महाराष्ट्राकडून पांडुरंग साळगावकर आले. ते खरोखरचे वेगवान. सत्तरच्या दशकात त्यांच्याइतका वेग देशात क्वचितच कुणाकडे होता, असं त्यांना खेळलेले सांगतात. प्रथम श्रेणीत २१४ बळी, कसोटी एकही नाही. कपिल देव १९७८ मध्ये आला तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते.

वसंत रांजणे २०११ मध्ये गेले. साळगावकर पुढे गहुंज्याच्या मैदानाची खेळपट्टी सांभाळू लागले. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. खेळपट्टी पहिल्या दिवसापासून वळत होती. डावखुरा फिरकीपटू स्टीव्ह ओ'कीफ याने पहिल्या डावात ३५ धावांत ६ बळी घेतले, दुसऱ्या डावातही बरोबर ३५ धावांतच ६. तिसऱ्याच दिवशी आपण ३३३ धावांनी हरलो होतो.