कोको (पेय)

कोको वृक्षाच्या (थिओब्रोमा काकाओ) बियांच्या भुकटीपासून केलेले गरम पेय. हा वृक्ष पूर्वी मुचकुंद कुलात गणला जाई. हल्ली तो भेंडी कुलात घालतात. भुकटीऐवजी चॉकलेट वितळवून केलेल्या पेयास ‘हॉट चॉकलेट’ म्हणतात. व्यवहारात हा भेद नेहमी पाळला जात नाही.

इतिहास : कोकोच्या वापराचा सर्वांत जुना ज्ञात पुरावा इक्वादोरमधील सांता आना-ला फ्लोरिदा येथील सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत मिळाला. ग्वातेमालातील रिओ आसुल येथील एका थडग्यात पाचव्या शतकातील मातीचे भांडे सापडले. त्याचे झाकण फिरवून बसवायचे असून त्यावर कोकोवाचक माया चित्रलिपी आहे. आतील अवशेषांत थिओब्रोमीन हे कोकोतील अल्कलॉइड आढळले. माया चित्रांत उभी स्त्री उंचावरून खालच्या भांड्यात पेयाची धार सोडताना दिसते. फेस आणण्याची ही रीत होय. पेयात मिरची, व्हॅनिला व शेंदरी घालत. उसाची साखर तेथे नव्हती. ॲझटेक लोक ते बहुधा थंडच पीत.

स्पेनमध्ये कोको प्रथम कोणी नेला याविषयी एकमत नाही. १५४४ मध्ये डॉमिनिकन धर्मगुरूंबरोबर गेलेल्या माया शिष्टमंडळाने राजपुत्र फिलिप यास तो दिल्याची नोंद आढळते. बियांचा व्यापारी माल १५८५ मध्ये सेव्हिलला उतरला. लंडनमध्ये १६५७ पासून हे पेय दुकानात मिळू लागले. त्यात दूध घालण्याचे श्रेय वैद्य हॅन्स स्लोन यांस दिले जाते. ते सर्वमान्य नाही.

निर्मिती : फळातील बिया गरासह काही दिवस आंबवून वाळवतात, भाजतात, टरफले काढून दळतात. या लगद्यात निम्म्याहून अधिक भाग कोको लोण्याचा असल्याने जुन्या पेयावर तवंग येई. १८२८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या व्हान हाउटन घराण्याने दाबयंत्राने लोणी पिळून काढण्याचे एकस्व घेतले आणि भुकटी शक्य झाली. पुढे त्यांनी भुकटीवर अल्कलीची प्रक्रिया सुरू केली. तिने आंबटपणा जातो, रंग गडद होतो व भुकटी द्रवात चांगली मिसळते. मात्र फ्लॅव्हेनॉल (आरोग्यास हितकर मानली जाणारी कोकोतील संयुगे) घटतात : बाजारातील नमुन्यांच्या एका तपासणीत प्रक्रिया न केलेल्या भुकटीत ग्रॅममागे सरासरी ३४.६ मिग्रॅ., तर तीव्र प्रक्रिया केलेलीत केवळ ३.९ मिग्रॅ. फ्लॅव्हेनॉल आढळले. म्हणून गडद रंग हे सकसपणाचे लक्षण नव्हे.

कृती : भुकटी व साखर थोड्या गरम पाण्यात घोटून मग उकळते दूध ओततात, भुकटी थेट दुधात टाकल्यास गुठळ्या होतात.

आरोग्य : पनामाच्या सान ब्लास बेटांवरील कुना लोकांत उच्च रक्तदाब विरळा असून शहरात स्थलांतरित झालेल्यांत तो वाढतो, असे वैद्यकीय संशोधक नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी दाखवले व त्याचा संबंध बेटांवर भरपूर पिल्या जाणाऱ्या कोकोशी जोडला. या निष्कर्षावर पुढे आक्षेप घेतले गेले. यूरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये रोज २०० मिग्रॅ. कोको फ्लॅव्हेनॉल रक्तवाहिन्यांच्या लवचिकतेस साहाय्यक ठरतात, हा दावा ग्राह्य धरला. कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या संशोधन-आढाव्यानुसार कोकोमुळे होणारी रक्तदाबातील घट सरासरी २ मिमी. (पारा) पेक्षा कमी आहे. अमेरिकेतील ‘कॉसमॉस’ चाचणीत (२०२२, २१,४४२ प्रौढ) रोज ५०० मिग्रॅ. फ्लॅव्हेनॉल देऊनही हृदयविकारादी घटनांच्या एकूण प्रमाणात लक्षणीय घट झाली नाही. हृद्‌रोगाने होणारे मृत्यू मात्र कमी आढळले. या चाचणीत कोको अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या, पेय नव्हे.

कोकोमुळे लोहाचे शोषण कमी होते. थिओब्रोमीन सौम्य उत्तेजक व मूत्रल असून कुत्र्यांना विषारी आहे.

भारत : कोकोची रोपे १७९८ मध्ये तमिळनाडूतील कुट्रालम येथे आणली गेली. व्यापारी लागवड १९६० नंतरची. ती मुख्यतः केरळ, आंध्र प्रदेश, कर्नाटक व तमिळनाडू येथे, बहुधा नारळ-सुपारीच्या बागांत होते. भारतात ‘चॉकलेटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दुधात घालायच्या बहुतेक भुकट्यांत माल्ट व साखरच अधिक असते. कोकोचे वर सांगितलेले गुण त्यांना लागू होत नाहीत.