ऑनलाइन शिक्षण आणि शासकीय शाळांचा निधी (जालना जिल्हा)

घरून मोबाइल, दूरदर्शन किंवा संगणकाच्या साहाय्याने शिकणाऱ्या मुलांसाठी सार्वजनिक शाळांना मिळणारा शासकीय पैसा. जालना जिल्ह्यात (स्थापना १ मे १९८१, तालुके ८) हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो मार्च २०२० मध्ये कोविड-१९ मुळे शाळांना कुलूप लागल्यावर.

जिल्ह्याच्या खेड्यांतील बहुतेक प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या आहेत. त्यांना पैसा मिळतो तो पटावर. शिक्षकांचा पगार राज्य शासन देते आणि पदे दरवर्षीच्या संचमान्यतेत पटसंख्येवरून ठरतात. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) पहिली ते पाचवीसाठी साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. दुसरा ओघ समग्र शिक्षा योजनेचा. २०१८-१९ पासून चालू असलेल्या या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो. तिच्यातील संयुक्त शाळा अनुदान ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत, तर १०१ ते २५० पटाच्या शाळेला ५०,००० रुपयांपर्यंत मिळते. वीजबिल, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य हे सगळे त्यातच भागवायचे. मूल घरी बसून शिकत असेल तर त्याच्या फोनसाठी किंवा डेटासाठी या अनुदानात वेगळी तरतूद नाही.

१५ जून २०२० रोजी नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले ते ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमाने. शासनाच्या दीक्षा अॅपवरील पाठांच्या लिंक व्हॉट्सअॅप गटांवर येत. शिक्षक त्या पालकांकडे पाठवत. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पाठ फुकट होते, पण ते पाहायला लागणारा फोन घरचा आणि रिचार्जही घरचाच. फोन एकच असला, तर तो सकाळी वडिलांबरोबर शेतात किंवा जालन्याच्या लोखंड कारखान्यात जाई, आणि रात्री परतल्यावर दोन-तीन भावंडांत फिरे. अनेक शिक्षकांनी गावात येऊन ओट्यावर, देवळाच्या सभामंडपात स्वाध्यायाचे कागद वाटले. त्यांच्या झेरॉक्सचा खर्च कुणी केला, हे शासनाने कधी विचारले नाही, आणि ते विचारायला हवे होते.

शाळा बंद असताना पगार थांबले नाहीत. शालेय पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्ये कोरडा शिधा म्हणून दिली गेली. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ, या हिशेबाने साचलेला वाटा शाळेत मोजून पालकांच्या पिशवीत घातला जाई. म्हणजे घरी असलेल्या मुलाचा हक्क मानून त्याच्यापर्यंत पोहोचणे शासनाला जमत होते. धान्याच्या बाबतीत जे झाले ते इंटरनेटच्या बाबतीत झाले नाही.

ऑनलाइन वर्षाची किंमत शासनाने थेट ठरवली ती खाजगी शाळांच्या बाबतीत. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांवर शिकणाऱ्या मुलामागे शाळांना वर्षाला १७,६७० रुपयांची प्रतिपूर्ती मिळत असे. २०२०-२१ साठी राज्याने ती ८,००० रुपयांवर आणली. वर्ग भरले नाहीत म्हणून शाळांचा खर्च घटला, हा त्यामागचा तर्क. तो शाळेपुरता काही अंशी खरा आहे. मात्र खर्च नाहीसा झाला नव्हता, तो पालकांच्या खिशाकडे वळला होता, आणि वाचलेले ९,६७० रुपये त्या मुलाच्या घरापर्यंत गेले नाहीत.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९९७ मध्ये सुरू झालेली सार्वजनिक ऑनलाइन शाळा वेगळ्या तत्त्वावर चालते: विद्यार्थ्याने अभ्यासक्रम पुरा केला की त्यामागे राज्याचा पैसा मिळतो. महाराष्ट्रात तसे सूत्र नाही. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ शाळेबाहेरच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेते, पण नोंदणी व परीक्षा शुल्क घेऊन.

समग्र शिक्षेत संगणक कक्षासाठी ६.४० लाख व स्मार्ट वर्गासाठी २.४० लाख रुपयांपर्यंत एकरकमी मदतीची तरतूद आहे. ती सहावी ते बारावीच्या शाळांसाठी आहे आणि साहित्य शाळेच्या भिंतींच्या आतच राहते. राज्यातील जिल्हा परिषद शाळांत दिसणारे अनेक टीव्ही व प्रोजेक्टर तर गावकऱ्यांच्या लोकवर्गणीतून आलेले आहेत.

दूरशिक्षणाला पैसा देण्याची निकड जालन्यात सर्वाधिक कुणाला असेल, तर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांना. दिवाळीच्या आसपास मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या भागांतून टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी समग्र शिक्षेतून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. बरोबर जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड मिळते आणि त्यावर त्यांना कारखान्याजवळच्या शाळेत बसता येते. शिक्षकपदे मात्र वर्षातून एकदाच, पट मोजून ठरतात. फडावर गेलेल्या मुलाचे नाव गावच्या पटावर असते, आणि त्याच्या नावाचा निधीही गावीच राहतो.