लवणनामांतील प्रत्यय आणि त्यांमागील सिद्धान्त

नायट्रेट, सल्फाइट, क्लोराइड इत्यादी नावे रसायनशास्त्राचा विद्यार्थी आरंभीच पाठ करतो व त्यांतील प्रत्ययांकडे पुढे क्वचितच वळून पाहतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास मात्र ही सामग्री मोलाची वाटावी. नैसर्गिक भाषेतील प्रत्यय कोणी व कोणत्या समजुतीने घडविला हे सांगता येत नाही. येथे कर्ते, वर्ष व हेतू ही तिन्ही ज्ञात आहेत.

मोरचूद आणि हिराकस ही दोन्ही गंधकाम्लाची लवणे होत. पण नावांवरून त्यांचे नाते कळण्याचा काही मार्ग नाही. युरोपातही ग्लाउबरचे लवण व एप्सम येथील लवण यांची हीच स्थिती होती. दिजाँ येथील कायदेपंडित गितों द मोर्व्हो याने १७८२ मध्ये या अव्यवस्थेविरुद्ध पहिली योजना मांडली आणि १७८७ मध्ये लाव्हाझिए, बेर्तोले व फूर्क्र्वा यांच्या सहकार्याने पॅरिस येथे नवी नामपद्धती प्रसिद्ध झाली. सुव्यवस्थित भाषा हेच विश्लेषणाचे साधन होय, हा काँदियाक या तत्त्वज्ञाचा विचार लाव्हाझिएने आपल्या नामपद्धतीस आधारभूत मानला होता.

या पद्धतीत लवणाचे नाव दोन पदांचे असे. पहिले पद आम्लावरून व दुसरे क्षारकावरून घेतलेले. आम्लात ऑक्सिजन अधिक असल्यास लवणनामास ‘-एट’, उणा असल्यास ‘-आइट’ हा प्रत्यय. केवळ एका स्वराच्या भेदाने घटकाचे प्रमाण सूचित करण्याची ही युक्ती खरोखर कौतुकास्पद आहे. मात्र ‘चुन्याचा सल्फेट’ म्हणताना या मंडळींच्या मनात आजचा सल्फेट आयन नव्हता, हे ध्यानी घेतले पाहिजे. त्यांच्या दृष्टीने आम्ल व चुना हे दोन स्वयंपूर्ण पदार्थ लवणात एकत्र आलेले असत. कॅल्शियम धातू तर डेव्हीने १८०८ मध्ये प्रथम वेगळा केला.

प्रत्ययांच्या मुळाशी एक सिद्धान्त होता : प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. ‘ऑक्सिजन’ या नावाचा अर्थच ‘आम्लजनक’ असा आहे. त्यामुळे मिठाच्या आम्लातही तो असणारच असे गृहीत धरून साध्या मिठाला ‘सोड्याचा म्युरिएट’ म्हटले गेले. १८१० मध्ये डेव्हीने दाखविले की, ज्यास ऑक्सिजनयुक्त म्युरिअॅटिक आम्ल समजले जाई तो हिरवट वायू मूलद्रव्यच आहे. त्यास त्याने क्लोरीन हे नाव दिले. परिणामी मिठाच्या नावातील ‘-एट’ गेला व ‘-आइड’ आला. सिद्धान्त पडल्यामुळे प्रत्यय बदलावा, असे उदाहरण भाषेच्या इतिहासात विरळाच. गंमत अशी की, ज्या नावात तो सिद्धान्त उघड बोलतो, ते ‘ऑक्सिजन’ हे नाव मात्र तसेच राहिले.

‘-आइड’ची उत्पत्तीही मनोरंजक आहे. गितोंने ‘ऑक्सिजन’चा आरंभ व ‘अॅसिड’चा अंत्यभाग जोडून ‘ऑक्साइड’ हा शब्द बनविला. पुढे त्याचे शेपूट तोडून इंग्रजीने स्वतंत्र प्रत्यय केला. तात्पर्य, क्लोराइडमधील ‘-आइड’ हा मूळच्या ‘अॅसिड’चाच तुकडा होय.

संयुक्त मूलक ही कल्पना या नामपद्धतीनंतरची. १८१५ मध्ये गे-ल्युसॅकने दाखविले की, कार्बन व नायट्रोजन यांचा सायनोजेन हा गट संयोगांत क्लोरीनसारख्या एकाच मूलद्रव्याप्रमाणे वागतो. अमोनियमला सोडियमच्या धर्तीवर धातूसारखे नाव १८०८ मध्येच मिळाले होते. ‘आयन’ ही संज्ञा फॅराडेने १८३४ मध्ये रूढ केली. काही वर्षांतच डॅनिएलने विद्युत्-विच्छेदनाच्या प्रयोगांवरून प्रतिपादिले की, गंधकाचा एक व ऑक्सिजनाचे चार अणू मिळून एकच घटक म्हणून वावरतात. १८८७ मध्ये अर्‍हेनियसने द्रावणातील आयनांचा सिद्धान्त मांडला. या सर्व काळात ‘सल्फेट’ शब्दाचे रूप बदलले नाही. पूर्वी संपूर्ण लवणाचा वर्ग सांगणारे पद आता त्यातील ऋणभारित अंशाचे नाव झाले.

पाठ्यपुस्तके सायनाइडची गणना अपवादांत करतात, कारण संयुक्त मूलक असूनही त्याचा प्रत्यय साध्या आयनाचा आहे. ऐतिहासिक दृष्टीने तो अपवाद नव्हे. ते नाव देणार्‍यास सायनोजेन हा क्लोरीनच्या पंक्तीतला वाटला होता, आणि प्रत्ययाने तेवढेच नोंदवून ठेवले आहे.