काळीला चुन्याचा उतारा

काळी माती नांगरायची आणि पांढरीवर घरं बांधायची, हे आपल्या गावांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि तिच्यावर उभ्या भिंतींनाही तडे देते. घराला पांढरी निवडता येते. रस्त्याला मात्र पुष्कळदा काळीतूनच जावं लागतं. तिथं एक तर ती उकरून मुरूम भरायचा, नाहीतर तिचा स्वभावच पालटायचा. हे दुसरं काम चुना करतो.

माती आणि चुना या जोडीचा जुना, भक्कम दाखला बीजिंगमध्ये आहे. तिथला राजवाडा, म्हणजे निषिद्ध नगर, १४०६ ते १४२० या काळात उभा राहिला. त्याच्या पायात चुना कालवलेल्या मातीचे थर आहेत, आणि मधूनमधून विटांच्या तुकड्यांचे. तीन भाग चुना, सात भाग माती हे चिनी बांधकामातलं रूढ प्रमाण. थर पसरायचा, धुम्मस मारून दाबायचा, मग त्यावर पुढचा.

माती फुगते ती तिच्यातल्या अतिसूक्ष्म, पापुद्र्यांसारख्या कणांमुळे. त्यांच्या मधे पाणी शिरतं. चुना मिसळला की त्यातलं कॅल्शियम या कणांना धरतं, कण एकमेकांकडे ओढले जातात आणि चपलेला लगद्यासारखा चिकटणारा चिखल काही तासांत रवाळ, भुसभुशीत होतो. एवढं चटकन होतं. पुढचं काम महिनोन्महिने चालतं. चुन्याने माती इतकी अल्कधर्मी होते की तिच्यातलं सिलिका आणि अ‍ॅल्युमिना विरघळायला लागतं, आणि कॅल्शियमशी जुळून सिमेंटमध्ये असतात तशा जातीची संयुगं तयार होतात. म्हणजे बांधून ठेवणारा निम्मा माल मातीच पुरवते. स्वच्छ वाळूत चुना घातला तर यातलं काही घडत नाही. जिची अडचण, तीच चिकणमाती इथं लागते, आणि मला या तंत्रातलं सर्वांत देखणं तेच वाटतं.

आपल्या काळीत चुनखडीचे खडे मुळातच असतात. ते कच्चे असेपर्यंत हे काम करत नाहीत. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजल्यावरच त्यांचा चुना होतो.

आधुनिक रस्त्यांत ही रीत रुजली ती अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, १९४० च्या दशकात. तिथंही फुगणाऱ्या काळ्या मातीचा मोठा पट्टा आहे. चुना किती घालायचा, याची सुटसुटीत चाचणी १९६६ मध्ये ईड्स आणि ग्रिम या संशोधकांनी दिली. बाटल्यांमध्ये प्रत्येकी २० ग्रॅम माती घ्यायची, चुना चढत्या टक्केवारीने घालायचा, १०० मिलिलिटर पाणी ओतायचं आणि दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट हलवायचं. तासाभराने ज्या बाटलीत सर्वांत कमी चुन्यावर पीएच १२.४ ला पोचतो, ते प्रमाण धरायचं. बऱ्याच मातींना काही टक्केच चुना पुरतो. बीजिंगच्या तीनास सातपुढे ही केवढी काटकसर!

भारतीय रोड काँग्रेसने १९७३ मध्ये चुना मिसळण्यासाठी काळी माती बारीक कशी करावी, नुसत्या यावर स्वतंत्र शिफारशी प्रसिद्ध केल्या. प्रश्न तेवढा मोठाच आहे. वाळलेल्या काळीची ढेकळं दगडासारखी असतात. ती न फोडता चुना टाकला तर फक्त बाहेरून पांढरी होतात. आत काळी तशीच राहते आणि पाणी लागताच फुगते. म्हणून रस्त्याच्या कामावरही शेतातली अवजारं उतरवावी लागतात. फारच चिवट माती असेल तर चुना दोन हप्त्यांत देतात: पहिल्याने ढेकळं ठिसूळ होऊ द्यायची, माती ओलसर ठेवून एक-दोन दिवस थांबायचं, पुन्हा कुळवायचं, आणि उरलेला चुना मिसळून मग रोलर फिरवायचा.