शेतीच्या निसर्गचित्राच्या तीन कसोट्या

कोकणातल्या देवरूखला कलामहाविद्यालय आहे, लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयही आहे. इथल्या विद्यार्थ्याने एकोणिसाव्या शतकातले शेतीचे निसर्गचित्र कसे पारखावे? आकाश आणि झाडे किती हुबेहूब उतरली, यावर सहसा निकाल दिला जातो. माझ्या मते निकाल लागायला हवा तो चित्रात कष्टाला मिळालेल्या जागेवर. त्यासाठी तीन कसोट्या पुरेत.

पहिली, माणसाचे स्थान. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलच्या १८२१च्या ‘द हे वेन’मध्ये रिकामी गाडी उथळ पाण्यात उभी आहे आणि गवत भरणारे मजूर दूरच्या कुरणात ठिपक्यांएवढे दिसतात. कष्ट तिथे देखाव्यात विरघळतात. फ्रेंच चित्रकार मिलेच्या ‘द ग्लीनर्स’मध्ये सरवा वेचणाऱ्या तीन बायका अगदी पुढे वाकलेल्या आहेत. भरलेली गाडी, उडव्या आणि घोड्यावरचा मुकादम लांब मागे. पीक कोणाचे आणि सरवा कोणाचा, हे केवळ मांडणीतून कळते. हे चित्र १८५७चे. त्याच वर्षी मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले.

दुसरी, ऋतूची अचूकता. कोकणात रंग कामाप्रमाणे बदलतो. भाजावळीनंतर, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळल्यावर, जमीन काळी होते. तरवा, म्हणजे भाताची रोपे, कोवळा पोपटी असतो. लावणीनंतर तीच रोपे काही दिवस पिवळी पडतात आणि मूळ धरल्यावर गडद होतात. सगळे शेत एकाच हिरव्याने भरणाऱ्याने शेती पाहिलेलीच नसते.

तिसरी, अवकाशाची रचना. सपाट प्रदेशातल्या युरोपीय चित्रकाराला खाली क्षितिज आणि वर मोठे आकाश मिळते. देवरूखला पूर्वेची नजर सह्याद्री अडवतो आणि भातखाचरे पायऱ्यांनी चढतात. इथे खोली साधायची ती बांधांच्या ओळींतून आणि धुक्याच्या थरांतून. जे. जे.त शिकलेले चित्रकार आबालाल रहिमान यांनी पाश्चात्त्य तंत्र कोल्हापूरच्या रंकाळा-पंचगंगेच्या परिसरासाठी राबवले. तंत्र बाहेरचे घेता येते, रचना मात्र समोरच्या भूमीतूनच घ्यावी लागते.

या तीन कसोट्यांत पहिली सर्वांत कठोर आहे. ऋतू आणि रचना अभ्यासाने साधतात. कष्टकऱ्याला पुढे आणायला चित्रकाराला बाजू घ्यावी लागते. देवरूखच्या विद्यार्थ्यांनी आषाढात चित्रफलक घेऊन बांधावर जावे आणि लावणी करणाऱ्या बाईला चित्रात ठिपका करू नये.