बधिरांधत्व : स्वतंत्र मान्यतेची मागणी

बधिरांधत्व म्हणजे दृष्टी आणि श्रवण या दोन्ही संवेदना एकाच वेळी बाधित झाल्याने येणारे अपंगत्व. अंध माणसाला कान आणि बधिराला डोळे साथ देतात. इथे ती भरपाईच खुंटते. म्हणून अंधशाळा किंवा मूकबधिर विद्यालय अशा मुलांना पुरे पडत नाही. तळहातावर बोटांनी लिहिलेले अक्षर, हातात हात घेऊन केलेली खूण यांतून त्यांचा संवाद चालतो.

मुंबईत १९७७ साली बेरोज वाच्छा यांनी हेलन केलर इन्स्टिट्यूट स्थापून बधिरांध मुलांच्या शिक्षणाचा पाया घातला.

युरोपीय संसदेने २००४ मध्ये बधिरांधत्व वेगळे अपंगत्व मानले. भारतात १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात त्याचा उल्लेखच नव्हता. २०१६ च्या कायद्यात तो आला, पण बहुविकलांगतेच्या गटात. स्वतंत्र गणना, प्रशिक्षित शिक्षक व स्पर्शभाषेचे दुभाषी मिळण्यासाठी स्वतंत्र नोंद आवश्यक ठरते.